बेकरीवरचा फळा



आकाशवाणीकडून भाषणासाठी फोन आला, तेव्हा मी कवितेवरच बोलणार असं त्यांनी गृहीत धरलं होतं. मी विचारलं, "मांजरांच्या ऑपरेशनसाठी पैसे कसे जमवतात, यावर बोललो तर चालेल का?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या बाई म्हणाल्या, "त्यात कविता कुठे येईल का?" मी म्हटलं, "कविता येईल असं वाटत नाही, पण कवीला मिळालेल्या शाली येतील." त्या हसल्या आणि तारीख ठरली.

तर शालींचं आधी सांगून टाकतो. पस्तीसेक वर्षं मी कविसंमेलनांतून कविता वाचतोय. मानधनाचं पाकीट कधी असतं, कधी नसतं; शाल आणि श्रीफळ मात्र चुकत नाही. कोकणातल्या घरात नारळ कुठे जातात ते विचारावं लागत नाही. शालींनी मात्र आमची एक ट्रंक भरली होती. या शालीला ऊब म्हणाल तर बेताचीच. पण टाके घातलेल्या मांजराच्या अंगाखाली घालायला तिच्यासारखं कापड नाही. गुळगुळीत असते, टाक्यांत धागा अडकत नाही आणि दोन बादल्या पाण्यात धुऊन निघते. गेल्या काही वर्षांत माझा सगळा साहित्यिक सन्मान असा धुतला जाऊन दोरीवर वाळत असतो.

मी रत्नागिरीचा. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी, बी.ए.पर्यंत शिक्षण, दोन कवितासंग्रह. घर मिरकरवाडा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास. बंदर म्हटलं की मासळी, मासळी म्हटली की मांजरं. जेटीवर, बर्फाच्या कारखान्यापाशी, जाळी विणायला बसतात त्या शेडमध्ये, जिथे बघाल तिथे. ती कुणाची नसतात आणि सगळ्यांची असतात. होड्यांचे मालक त्यांना हाकलत नाहीत, कारण उंदीर जाळी कुरतडतात आणि नव्या जाळ्याची किंमत त्यांना पाठ असते. मला हे कारण आवडतं. त्यात दयेचा आव नाही.

आमच्या वळणावर एक बेकरी आहे. मालकांना सगळे मामू म्हणतात, मीही म्हणतो, जरी ते माझ्याहून चारच वर्षांनी मोठे असले तरी. त्यांच्या बेकरीत एक मांजरी होती, खारी बिस्किटाच्या रंगाची, म्हणून नाव खारी. २०१६ च्या जूनमध्ये, पहाटे पाव न्यायला आलेला एक टेम्पो मागे घेताना तिला धक्का लागला. रक्त नाही, जखम नाही. दुपारपर्यंत ती कोपरं बाहेर काढून, मान ताणून बसलेली, आणि तोंड उघडून श्वास घेत होती. कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो ते ठीक. मांजर तसं करायला लागलं तर वेळ थोडा आहे, हे मी तेव्हा शिकलो.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर भला माणूस. त्यांनी ओळखीच्या एका एक्स-रे सेंटरवर, माणसांचे पेशंट संपल्यावर, रात्री तिचा फोटो काढवून घेतला. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, श्वासपटल म्हणतात त्याला. तो फाटला होता. आतडी आणि यकृताचा काही भाग वर छातीत सरकला होता आणि फुप्फुसाला फुगायला जागाच उरली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "भाई, मी गाईचं अडलेलं बाळंतपण रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात करतो. पण हिचं पोट उघडलं की हिला स्वतःचा श्वास घेता येणार नाही. सगळा वेळ कुणीतरी नळीतून श्वास द्यावा लागेल. ती सोय माझ्याकडे नाही. कोल्हापूरला न्या."

कोल्हापूर म्हणजे सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर, मध्ये आंबा घाट, जूनचा पाऊस. तिथल्या डॉक्टरांनी फोनवर खर्चाचा अंदाज दिला. ऑपरेशन, औषधं, चार दिवस ठेवून घेणं मिळून साडेनऊ हजारांपर्यंत. गाडीभाडं वेगळं. मी महिन्याच्या मध्याला होतो, म्हणजे आर्थिकदृष्ट्या कुठे होतो ते पगारदार श्रोत्यांना सांगायला नको.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. २०११ साली आमच्या घरात एक पिल्लू होतं. त्याचं अंग तापलं होतं. मी शहाणपणा करून पॅरासिटामॉलच्या गोळीचा पाव तुकडा दुधात कालवून त्याला पाजला. माणसाच्या लेकरालाही देतो, मांजराला काय होणार, असा हिशेब. संध्याकाळी त्याच्या हिरड्या तपकिरी-निळ्या झाल्या, तोंड सुजलं, आणि दुसऱ्या दिवशी ते गेलं. मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही. माणसाची साधी गोळी त्याच्यासाठी विष असते. श्रोतेहो, बाकीचं भाषण विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. खारीचा फोटो बघून मामू म्हणाले, "आता अल्लाची मर्जी," तेव्हा मला हो म्हणता आलं नाही ते त्या पिल्लामुळे.

तर पैसे मागायचे ठरलं. कवीला मागायची सवय असते असा समज आहे. वर्गणी, जाहिरात, प्रस्तावना वगैरे. पण त्या सगळ्या मागण्यांत आपण साहित्याच्या नावाच्या आड असतो. मांजरासाठी हात पसरताना आड काही नसतं. समोरचा तुमच्याकडे बघतो आणि तुमचं डोकं ठिकाणावर आहे का ते तपासतो. त्यात तो महिना बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या ओढून ठेवलेल्या, खलाशी गावी गेलेले, बंदरावर कुणाच्या हातात पैसा नाही. आणि त्या वर्षी रमजानही जूनमध्येच आलेला. म्हणजे एकीकडे खिसे रिकामे आणि दुसरीकडे देण्याचा महिना.

मामूंनी बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडली आणि तो काउंटरवर ठेवला. बेकरीत भाव लिहायचा एक काळा फळा होता. बटर, नानखटाई, टोस्ट. मामूंनी तो पुसून माझ्या हातात खडू दिला. मी लिहिलं: 'खारीला टेम्पोचा धक्का लागला आहे. पोटाचा पडदा फाटला आहे. ऑपरेशन कोल्हापूरला. अंदाजे खर्च १४,०००. जमा रोज लिहू.' बस्स. मामू म्हणाले, "कवी आहात, जरा रडवेल असं लिहा की." मी म्हटलं, हे वाचून ज्याला द्यायचे तो देईल. खरं सांगायचं तर त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नव्हतं.

तीन दिवसांत डब्यात ४,३१० रुपये निघाले. त्यात नोटा थोड्या, नाणी जास्त. ग्रंथालयातल्या आणि कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी ३,६०० दिले. सुकी मासळी विकणाऱ्या एका मावशीने पदराच्या गाठीतून ५०० च्या दोन नोटा काढल्या. मी म्हटलं, "मावशी, बंदीचे दिवस आहेत." ती म्हणाली, "बंदी मासळीला हाय, मला नाय." एका कविसंमेलनाचे ५०० नेमके त्याच आठवड्यात आले. आणि एक ओळखीचे व्यापारी ५,००० घेऊन आले. म्हणाले, "जकातीचे आहेत."

मला ते घेता आले असते. कुणी विचारणार नव्हतं. पण मशिदीतल्या मौलानांना विचारलं, तर त्यांनी स्पष्ट सांगितलं की जकात कुणाला द्यायची ते कुरआनने आठ प्रकार सांगून ठरवून दिलंय, आणि ती सगळी माणसं आहेत. गरीब, मिस्कीन, कर्जात बुडालेला, प्रवासात अडकलेला. मांजराच्या ऑपरेशनला जकात चालणार नाही, सदका चालेल, आणि खुशाल चालेल. मग त्यांनी पैगंबरांच्या ज्या सोबत्याला लोक अबू हुरैरा म्हणत, त्यांची आठवण काढली. त्या नावाचा अर्थच 'मांजरीच्या पिल्लाचा बाप' असा आहे. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याची हदीसही त्यांनी सांगितली. मी व्यापाऱ्यांना ५,००० परत केले. ते म्हणाले, "मग ते ज्यांचे आहेत त्यांना जातील," आणि वेगळ्या खिशातून सदक्याचे म्हणून १,५०० काढून दिले. आमच्या घरातले ५,००० धरून एकूण १५,९१० झाले.

रोजा ठेवून मी आणि मामूंचा मुलगा भाड्याच्या गाडीने निघालो. पाली, साखरपा, मग घाट. खारी टोपलीत, टोपलीत शाल. घाटात धुकं इतकं की ड्रायव्हर मान बाहेर काढून चालवत होता. मी सगळा वेळ तिच्या बरगड्यांकडे बघत होतो.

ऑपरेशन चांगलं झालं. आतडी खाली आली, पडदा शिवला. शिवायच्या एका जुन्या दोऱ्याचं नाव 'कॅटगट' आहे. मी दचकलो, तर डॉक्टर हसले. म्हणाले, नावच तसं आहे, तो मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्यापासून करत, मांजराचा त्यात काही संबंध नाही. आणि आता बहुतेक कृत्रिमच दोरे असतात. अडीच किलोच्या मांजराच्या अंगात सगळं मिळून दीडशे-एक मिलिलिटर रक्त असतं, हेही त्यांनीच सांगितलं. त्यात काम करायचं म्हणजे काय याची मला कल्पना नव्हती.

दुसऱ्या रात्री खारी गेली. बरेच दिवस दबलेलं फुप्फुस एकदम मोकळं झालं की कधी कधी त्यात पाणी भरतं. डॉक्टरांनी ही शक्यता आधीच सांगितली होती. मी ऐकली होती, पण धरली नव्हती.

परत आलो ते इफ्तारच्या वेळेला. पायात गोळे आलेले. मनात एकच विचार, फळ्यावर काय लिहायचं? लोकांनी जगवायला पैसे दिले होते. बंदीच्या दिवसांत दिले होते. मी ठरवलं, दोन दिवस जाऊ देऊ. डबा उचलून ठेवू. कुणी विचारलं तर सांगू. पत्नीने खजूर आणि पाणी समोर ठेवलं. माझा रोजा सुटल्यावर म्हणाली, "जेवायच्या आधी फळ्यावर लिहून या. उद्या लिहाल तर त्यात कमी-जास्त होईल."

मी गेलो आणि लिहिलं. 'खारी गेली. ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री, फुप्फुसात पाणी होऊन. जमा १५,९१०. खर्च: एक्स-रे ४००, रक्ततपासणी ६५०, ऑपरेशन व औषधं ९,५००, गाडी ३,६००. एकूण १४,१५०. शिल्लक १,७६०. ज्यांना आपले पैसे परत हवे असतील त्यांनी मामूंकडे सांगावं.' खडूने एवढं लिहायला पंधरा मिनिटं लागली. माझ्या दोन संग्रहांच्या मिळून तीनशे-साडेतीनशे प्रती खपल्या असतील. त्या फळ्यापुढे दुसऱ्या दिवशी सकाळी पाव घ्यायला आलेले तेवढे लोक थांबून गेले असावेत.

एका गृहस्थांनी पैसे परत मागितले. पन्नास रुपये. मामूंनी दिले आणि मी फळ्यावर 'परत ५०' असं लिहिलं. त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी पुन्हा कधी काही दिलेलं नाही, पण आजही ते रोज उभं राहून फळा पूर्ण वाचतात, आणि बेरीज चुकली तर सांगतात. दोनदा चुकली होती.

सुक्या मासळीवाल्या मावशीला वाचता येत नाही. तिने मामूंच्या मुलाकडून सगळं वाचून घेतलं आणि ग्रंथालयाच्या दारात येऊन उभी राहिली. "त्या उरलेल्या पैशांचा काय करनार?" मी म्हटलं, "तुमचे परत हवेत का?" ती माझ्यावर चिडलीच. "परत काय? बर्फाच्या कारखान्याशी एक हाय, मागचा पाय ओढत चालते. तिला बघा ना."

तिथून हे काम लागलं, ते आजतागायत. बर्फाच्या कारखान्याजवळच्या मांजरीचं नाव अर्थातच बर्फी पडलं. तिचा पाय वाचण्यासारखा नव्हता, काढावा लागला. तीन पायांवर ती आठव्या दिवशी चालायला आणि महिन्याभरात चोरी करायला लागली. मासळी टोपलीत ओतताना पहिली पोचणारी ती असते.

या वर्षांत पैशांबद्दल जे कळलं, त्यातलं एक मला अजून टोचतं. बर्फीचं झाल्यावर गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "भाई, राग मानू नका. खारीच्या खर्चात मी सात माद्यांची नसबंदी केली असती. मांजरीला दिवस जातात ते नऊ आठवड्यांचे. पाच महिन्यांची पोर व्यायला तयार असते. तुम्ही एक टेम्पोखालून काढता, मागे वीस उभी राहतात." त्यांचं बोलणं शंभर टक्के बरोबर होतं. मी फळ्यावर लिहिलं: 'माद्यांच्या नसबंदीसाठी मदत करा.' महिनाभरात ९० रुपये जमले. त्यातले ५० डॉक्टरांचे स्वतःचे.

कारण उघड आहे. बर्फीला लोकांनी पाहिलं होतं. जी पिल्लं जन्मालाच येणार नाहीत त्यांना कोण पाहणार? दुखणं दिसलं की हात खिशात जातो. दुखणं टाळायचं म्हटलं की माणूस पाव घेऊन पुढे जातो. मी लोकांना दोष देत नाही. माझाही हात तसाच चालतो. शेवटी आम्ही एक नियम केला आणि डब्यावरच चिकटवला की कुठल्याही ऑपरेशनसाठी जमलेल्या पैशातला चौथा हिस्सा नसबंदीला जाईल, आणि खर्चाचा आकडा तो धरूनच फळ्यावर लिहिला जाईल. यावर भांडणं झाली. "मी बर्फीला दिले होते, दुसऱ्या कुणाला नाही," असं एक शाळकरी मुलगी रडत म्हणाली, आणि तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, कारण तिने पैसे टाकले तेव्हा डब्यावर नियम नव्हता. तिचे वीस रुपये आम्ही वेगळे काढून बर्फीच्या जंताच्या औषधाला लावले. जाळीवाल्यांनीही विरोध केला, "मग उंदीर कोण मारणार?" त्यांना डॉक्टरांनी समजावलं की नसबंदी झालेली मांजरीही उंदीर मारते, उलट पोरांच्या मागे धावण्यात तिचा वेळ जात नाही. यावर सगळे हसले आणि काम झालं.

दुसरा प्रश्न हसून सुटण्यासारखा नव्हता. २०१८ मध्ये एक रिक्षावाले बेकरीत आले. फळा वाचला, सगळा वाचला, आणि मला म्हणाले, "सर, माझी आई खुब्याचं हाड मोडून पडलीये. मांजराचा फळा आहे. माझ्या आईचा फळा कुठे आहे?"

असं आधीही लोक म्हणत. माणसं मरतायत आणि तुम्ही मांजरं कुरवाळताय, वगैरे. पण असं म्हणणारे बहुतेक जण माणसांसाठीही काही करत नसतात, त्यामुळे मी ते मनावर घेत नसे. हा माणूस तसा नव्हता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. एवढं सुचलं की माणसासाठी सरकारची योजना आहे. आधी राजीव गांधींच्या नावाची होती, २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची. पिवळ्या किंवा केशरी रेशनकार्डावर ठरावीक ऑपरेशनं तीत तेव्हा होत. त्यांचं कार्ड केशरी होतं. मी त्यांच्याबरोबर कागद घेऊन चार फेऱ्या मारल्या. ऑपरेशन दुसऱ्या गावी झालं आणि झालं. पण तिथे जायची गाडी, राहायचा खर्च, बुडालेली रिक्षा, हे कुठल्या कार्डावर बसत नाही, आणि ते त्यांनी मला ऐकवलं. मांजराचं रेशनकार्ड नसतं, हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. बरं झालं मी ते बोललो नाही. ते आजही डब्यात काही टाकत नाहीत, आणि मांजर घेऊन कुठे जायचं असलं तर मी त्यांनाच बोलावतो. भाडं पुरतं घेतात. घ्यायलाच हवं.

एकदा परळला जायचा योग आला. एका पिल्लाच्या जबड्याचं काम होतं आणि माझी बहीण मुंबईला असते. तिथलं बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकातलं. सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावाने देणगी दिली त्यातून ते उभं राहिलं. तिथेच १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. त्याच्याही आधी, १८३२ मध्ये इंग्रज सरकारने मुंबईतली मोकाट कुत्री मारायला काढली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला होता, दंगल झाली होती. आणि दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि जैन व्यापारी यांनी मिळून भुलेश्वरला पांजरपोळ काढला. रांगेत बसून मी हे सगळं आठवत होतो. शेजारी एक बाई कोंबडी घेऊन बसल्या होत्या. पलीकडे बैल. आमचा बिस्किटाचा डबा मला त्या दिवशी अगदीच लहान वाटला, आणि जरा ओळखीच्यातलाही वाटला.

नंतर मोबाइलवरून पैसे यायला लागले. बेकरीच्या काचेवर चौकोनी ठिपक्यांचं चित्र लागलं. रक्कम वाढली, डोकेदुखीही वाढली. बर्फीचा ऑपरेशनआधीचा फोटो कुणीतरी उचलून, तिला दुसऱ्याच शहरातली मांजरी बनवून पैसे गोळा केल्याचं माझ्या भाच्याने दाखवलं. तेव्हापासून आम्ही रक्ताचे, जखमेचे फोटो काढत नाही. पैसे कमी येतात, येऊ देत. वकील मित्राने दटावलं की असे सार्वजनिक पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, गणेशोत्सव मंडळं घेतात तशी. ती घेतली. अर्जात उद्देश लिहायचा होता. मामूंनी सुचवलं, 'मार्जारसेवा'. इतका संस्कृत शब्द त्यांना कुठून सापडला देव जाणे.

२०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद पडला आणि मांजरांना मासळीची डोकीही मिळेनात. डब्यात अकरा हजार होते, पण ते ऑपरेशनसाठी जमवलेले. खाण्यावर खर्चावेत का? मी फळ्यावर प्रश्न लिहिला. बेकरी ठरावीक वेळ उघडी असे, लोक लांब लांब उभे राहून वाचत. बहुतेकांनी हो म्हटलं. दोघांनी नाही म्हटलं, आणि त्यांचे पैसे जेवढे आठवत होते तेवढे तसेच ठेवले.

आजवर किती ऑपरेशनं झाली ते मी मुद्दाम सांगत नाही. तो आकडा बेकरीच्या वहीत आहे, गेलेल्यांसकट. बेकरीचं नावही सांगणार नाही, कारण आकाशवाणीवरून पैसे मागू नयेत असं मला आधीच बजावलंय.

आत्ता फळ्यावर खलाशी आहे. हा बोका. त्याच्या लघवीच्या वाटेत खडे अडकतात. बोक्यांची ती वाट फार अरुंद असते, आणि एक-दोन दिवस ती तुंबून राहिली तर जीव जातो. डॉक्टरांनी दोनदा नळी घालून मोकळी केली. तिसऱ्यांदा तुंबली तेव्हा म्हणाले, आता वाट रुंद करायचं ऑपरेशनच करावं लागेल. चौथा हिस्सा धरून खर्च वीस हजार. आज सकाळपर्यंत जमा ११,२५०. कोल्हापूरचे डॉक्टर उरलेले महिन्याने घ्यायला तयार आहेत. त्यांना फळ्याचा फोटो पाठवलाय.

उद्या पहाटे चार वाजता रिक्षा येईल, ती आम्हाला बंदरावर सोडेल. तिथून कोल्हापूरला मासळी घेऊन जाणारा टेम्पो आहे. हा ड्रायव्हर आमच्याकडून पैसे घेत नाही, पण खलाशीसाठी हा प्रवास अवघड आहे. भुलीच्या आधी त्याला काही खायला द्यायचं नाही, आणि पाठीमागे बांगडा भरलेला. गेल्या वेळी एकीने सबंध आंबा घाटभर आमचा उद्धार केला होता. सोसायटीच्या वार्षिक समारंभात मिळालेली किरमिजी शाल पत्नीने टोपलीत घालून ठेवली आहे. हे भाषण आज ध्वनिमुद्रित होतंय. तुम्ही ते ऐकाल तोवर फळ्यावर काय लिहिलेलं असेल, ते मला आत्ता सांगता येत नाही. खडू मात्र घेऊन ठेवलाय.